दोघंही इंजिनियर, धंदा वाढलाय, चालवायला मॅनेजर ठेवायचाय. अधिकार किती द्यायचे?

पॅनलवाला_महापे
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय. मी आणि माझा मित्र, दोघं व्हीजेटीआयचे इलेक्ट्रिकलवाले, महापे एमआयडीसीत गाळा घेऊन पंपांचे कंट्रोल पॅनल बनवतो. सोबत सोसायट्यांच्या टाक्यांसाठी आमचं एक डिव्हाइस आहे, पाण्याची लेव्हल, मोटरचा करंट सगळं मोबाइलवर दिसतं, बोर्डपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं घरचं. आता तीसेक माणसं आहेत आणि कामाला तोटा नाही. पण गेलं वर्षभर आम्ही दोघं इंजिनियरिंग करतच नाही आहोत. सकाळी व्हेंडरचे फोन, मग काँट्रॅक्टरकडे अडकलेलं पेमेंट, मग वायरमन पगारवाढीसाठी केबिनबाहेर उभा, मग जीएसटी, आणि रात्री सगळे घरी गेले की डिझाइनला बसायचं. नवीन बोर्ड नुसता टेबलावर पडून आहे, त्याचं फार वाईट वाटतं कारण मार्केटला तोच हवाय.

मित्र म्हणतो मोठ्या कंपनीतला अनुभवी माणूस आणू, सीईओ करू, चार-पाच टक्के पार्टनरशिप देऊ म्हणजे तो आपला समजून काम करेल. मला भीती वाटते की बाहेरचा माणूस येऊन पहिलं काय करेल तर टेस्टिंगचा वेळ कापेल. आमचा प्रत्येक पॅनल लोडवर चालवून मगच बाहेर जातो, त्यावर आमचं नाव आहे. फर्म अजून पार्टनरशिपच आहे, प्रायव्हेट लिमिटेड करायचं बोलणं चाललंय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, माणूस कसा शोधायचा आणि काय काय त्याच्या हातात द्यायचं?

ऑप्स_डोंबिवली
दादा, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूची आहे. इंजिनियर मालकांच्या कंपन्यांमध्येच ऑपरेशन्स सांभाळत आलेय, आधी रबाळे, आता तुर्भे. म्हणून सांगते, सीव्ही बघायच्या आधी तुम्ही दोघं एका रविवारी बसा आणि लिहून काढा की कुठला निर्णय तुम्हाला न विचारता होणार आहे. रकमेसकट लिहा. अमुक हजारापर्यंतची खरेदी तो करेल, रेटमध्ये इतके टक्के तो सोडू शकेल, हेल्पर-वायरमन तो घेईल आणि काढेल, सीनियर इंजिनियर मात्र तुम्हाला विचारून.

मी इंटरव्ह्यूला जाते तेव्हा मालकांना एकच गोष्ट विचारते. मी काँट्रॅक्टरला सांगितलं की जुनं पेमेंट आल्याशिवाय पुढचा माल निघणार नाही, आणि त्याने तुम्हाला परस्पर फोन लावला, तर तुम्ही काय सांगणार? बहुतेक जण म्हणतात "बघू, जुना क्लायंट आहे." तिथे मी जॉइन होत नाही. कारण एकदा मालकाने वरून माल सोडला ना, की महिन्याभरात सगळ्या काँट्रॅक्टरना कळतं मॅडमला विचारायची गरज नाही, आणि मग मी फक्त डिस्पॅच क्लार्क उरते, पगार मात्र मॅनेजरचा. चांगली माणसं अशीच सोडून जातात हो, पैशासाठी नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही दोघं आहात. त्याचा साहेब कोण? एकाने सकाळी सांगायचं ठाण्याचा पॅनल आधी काढ, दुसऱ्याने दुपारी सांगायचं वसईचा काढ, यात भला माणूस वेडा होतो. रोजचं बोलणं एकाशीच, दुसऱ्याला काही वाटलं तर त्याने मित्राला सांगायचं, मॅनेजरला नाही.

आणि टेस्टिंगची भीती खरी आहे, त्याला उपाय पण आहे. टेस्ट रिपोर्टवरची सही तुमच्याकडेच ठेवा. सहीशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगा, कुठलाही समजूतदार माणूस मान्य करेल. पण मग डिस्पॅचच्या दिवशी तुम्ही जागेवर असायला हवं, हे विसरू नका.

कोडर_पवई
पैसे घालणाऱ्यांचा आग्रह असला तरी माणूस सावकाश निवडावा असं माझं मत आहे. गूगलमध्ये १९९९ ला क्लायनर पर्किन्स आणि सिकोया या गुंतवणूकदार कंपन्यांनी अडीच कोटी डॉलर घातले, बाहेरचा सीईओ आणा असं त्यांचं म्हणणं होतं, तरी एरिक श्मिट आले ते २००१ ला. आणि ते मुळात कॉम्प्युटर सायन्सचे पीएचडी, सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीत सीटीओ म्हणजे तंत्रज्ञान प्रमुख राहिलेले, त्यामुळे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिनशी त्यांच्या भाषेत बोलू शकले. २०११ मध्ये पेजनी परत सीईओपद घेतलं.

उलटं उदाहरण सिस्को, नेटवर्किंगची उपकरणं बनवणारी कंपनी. १९८८ मध्ये जॉन मॉर्ग्रिज बाहेरून सीईओ म्हणून आले, धंदा प्रचंड वाढला, १९९० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी सँडी लर्नरना काढलं गेलं, पाठोपाठ लेन बोसॅक पण गेले. दोघंही संस्थापक. पण नुसता टेक्निकल माणूस आणला की जमतंच असंही नाही. आपल्याकडे इन्फोसिसचे पहिले बाहेरचे सीईओ विशाल सिक्का, एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीतले मोठे तंत्रज्ञ, २०१४ ला आले आणि २०१७ ला संस्थापकांशी मतभेद उघड होऊन राजीनामा देऊन गेले. तुमचा स्केल वेगळा आहे मान्य, पण वरती ताईंनी विचारलेला प्रश्न तिथेही तोच होता, शेवटचा शब्द कुणाचा.

सीए_मुलुंड
पार्टनरशिप देण्याबद्दल कळकळीने सांगतो, घाई करू नका. १९३२ च्या पार्टनरशिप कायद्यात प्रत्येक पार्टनर फर्मचा एजंट असतो, म्हणजे धंद्याच्या नेहमीच्या कामात त्याने केलेला व्यवहार तुम्हा दोघांवर बांधील, आणि फर्मच्या देण्याला सगळे पार्टनर एकत्र आणि एकेकटेही जबाबदार. पाच टक्के दिलेत म्हणून जबाबदारी पाच टक्के होत नाही. तुमचं राहतं घरही त्यात येतं.

आधी प्रायव्हेट लिमिटेड करा, मग ईसॉप देता येतो, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचा ऑप्शन. त्यात ऑप्शन दिल्यापासून किमान १ वर्ष झाल्याशिवाय हक्क मिळत नाही, बहुतेक कंपन्या ४ वर्षांत टप्प्याटप्प्याने देतात. माणूस लवकर गेला तर उरलेले शेअर तुमच्याकडेच. तोपर्यंत पगार अधिक वसुलीवर आणि नफ्यावर इन्सेंटिव्ह, लेखी. नुसत्या विक्रीवर ठेवू नका, उधारीवर माल ढकलला जातो.

नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही अशी अट घालाल तर ती टिकणं कठीण, १८७२ च्या काँट्रॅक्ट कायद्याचं कलम २७ आड येतं. गोपनीयतेची अट मात्र नीट लिहून घ्या, आणि डिझाइन फाइल, सोर्स कोड त्याच्या लॅपटॉपवर ठेवायची गरजच नाही. नेट बँकिंगमध्ये मेकर-चेकर लावा, तो पेमेंट तयार करेल, मंजुरी तुम्ही मोबाइलवरून द्याल.

हो, आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना? असेल तर काँट्रॅक्टरना इन्कम टॅक्समधल्या उशिरा पेमेंटच्या नियमाची (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) आठवण करून द्या. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत भरायचं, नाहीतर तो खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच वजा मिळतो. मार्चमध्ये फोन आपणहून येतात.

वागळे_इस्टेट
सीईओ वगैरे नको भाऊ एवढ्यात. तीस माणसांना मोठ्या कंपनीचा व्हीपी आणलात तर तो आधी चार जणांची टीम मागेल, कारण तिथे त्याच्या हाताखाली परचेस वेगळं, एचआर वेगळं, अकाउंट्स वेगळं होतं. आपल्याकडे सकाळी टेम्पोवाला आला नाही तर मॅनेजरलाच दुसरा शोधायचा असतो. छोट्या युनिटमध्ये प्लँट सांभाळलेला, बिल घेऊन काँट्रॅक्टरच्या ऑफिसात बसलेला माणूस बघा. आणि बाहेर जायच्या आधी आत बघा. आमच्याकडे स्टोअर्सवाली मुलगी होती, बीकॉम, कुठला माल कुठे अडकलाय तिला तोंडपाठ, तिला जबाबदारी दिली, वर्षभर एका निवृत्त प्लँट हेडना आठवड्यातून दोन दिवस तिच्या सोबतीला ठेवलं, आज सगळं शॉप ती चालवते आणि मी परत ड्रॉइंग बोर्डवर आहे.

पॅनलवाला_महापे
सगळ्यांचे मनापासून आभार, मित्रालाही वाचायला दिलं. पार्टनरशिप द्यायचं आम्ही दोघांनी रद्द केलं. यादी करायला बसलो तर खरेदी आणि भरतीवर पटकन एकमत झालं, रेटवर मात्र अजून अडलंय, कारण जुन्या पाच-सहा काँट्रॅक्टरना मित्र स्वतःच रेट देतो, कॉलेजपासूनच्या ओळखी आहेत. आमच्याकडे पण एक प्रॉडक्शन सुपरवायझर आहे, माणसं त्याचं ऐकतात, हिशोबात कच्चा आहे. ताई, त्याला वर आणून अकाउंट्सला वेगळं माणूस दिलं तर चालेल का?

ऑप्स_डोंबिवली
चालेल, पण त्याला आधी विचारा, त्याला हवंय का ते. बऱ्याच चांगल्या सुपरवायझरना शॉप फ्लोअर सोडायचा नसतो आणि मालकाला नाही म्हणवत नाही म्हणून हो म्हणतात. हवं असेल तर पहिले तीन महिने वसुली त्याच्याकडे देऊ नका, फक्त प्रॉडक्शन प्लॅन, खरेदी आणि डिस्पॅच. रोज संध्याकाळी वीस मिनिटं तुमच्यापैकी एकजण त्याच्याबरोबर बसा. आणि त्या पाच-सहा काँट्रॅक्टरना मित्राने स्वतः फोन करून सांगायला हवं की यापुढे डिलिव्हरीच्या तारखेसाठी याच्याशी बोला. हा फोन त्याच्या ऐवजी तुम्ही केलात तर उपयोग नाही.