मदत हवी आहे: मारुती 800, गिअरबॉक्सच्या जोडाजवळ ऑइल गळती

भाऊ, गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखालून ऑइल टिपकते. सकाळी खालच्या पुठ्ठ्यावर वाटीएवढा काळा डाग असतो. गिअर ऑइल नाही, इंजिनचंच आहे. टॅपेट कव्हरचं (इंजिनवरच्या झाकणाचं) पॅकिंग नवं टाकलं, ब्रीदरचा (इंजिनमधली वाफ बाहेर काढणारा) पाइप साफ केला, फरक नाही. मिस्त्री म्हणतात मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणारं रबरी कडं) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पण डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना करंट वाटणारा भाग) बुडाशीही ओल आहे आणि तिथलं ऑइल ओघळून नेमकं त्याच जागी येतं.

आमच्याकडे दारव्हा तालुक्यात, गावात रॅम्प नाही, सामान यवतमाळहून आणावं लागते, त्यात कापूस वेचणी सुरू. गिअरबॉक्स न उतरवता, गळती डिस्ट्रिब्युटरच्या ओ-रिंगची (रबरी गोल पॅकिंगची) की क्रँक सीलची, हे पक्कं कसं ओळखायचं? आणि उतरवलाच तर क्लच प्लेटही तेव्हाच बदलून घ्यावी का?