‘कस्टम बटण’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
आमच्या दिवाळी अंकाचं लेखन टायनीएमसीई या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मजकूर-एडिटरमध्ये होतं. त्याच्या टूलबारवर मी एक बटण स्वतः जोडलंय. ते दाबलं की ‘ऱ्’ उमटतो. पुढे ‘या’ लिहिलं की ‘दऱ्या’ होतं, ‘दर्या’ होत नाही. सह्याद्रीतल्या दऱ्यांचा समुद्र व्हायचा आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य व्हायचे, म्हणून हा खटाटोप. मदतीच्या पानावर ‘सानुकूल बटण’ लिहिलं, तर एका लेखिकेने विचारलं, “कोणाला अनुकूल?” दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर:
त्यांची शंका रास्त आहे. मराठीत वारा सानुकूल असतो, ग्रह सानुकूल असतात, म्हणजे आपल्या बाजूचे. ‘आपल्या सोयीने घडवून घेतलेलं’ हा अर्थ मोबाइलच्या मेन्यूंनी त्यावर लादला. मला तो अजून पटत नाही.

मी ‘पदरचं बटण’ म्हणेन. पदरचे पैसे घालतो, सांगताना पदरचं एखादं वाक्य घालतो. मुळात नव्हतं, आपण घातलं. ठळक, तिरपं ही बटणं एडिटरबरोबर आलेली, ‘ऱ्’चं तुमच्या पदरचं. पदरचं घालून सांगण्यात खोटं मिसळल्याची छटा आहे खरी, पण ती बोलण्यापुरती. वस्तूला चिकटत नाही.

‘कळ’ नको. कळफलकावरची कळ बोटाखाली दबते, पडद्यावर बटणच बरं. ‘गुंडी’ तर सदऱ्यालाच शोभते. टूलबार टूलबारच राहू द्या. ‘साधनपट्टी’ चालेल, ‘अवजारपट्टी’ म्हटलं की हातोडा-पक्कड दिसते.

प्रश्नकर्ता:
‘पदरचं’ घेतलं! आता क्रियापद. नुसतं ‘जोडा’ लिहिलं तर दोन कामं एकात लपतात. आधी बटण नोंदवायचं: नाव काय, वर काय लिहिलेलं दिसेल, दाबल्यावर काय होईल. मग तेच नाव टूलबारच्या यादीत लिहायचं. मी पहिलं करून थांबलो होतो. चूक कुठेच दिसेना आणि बटणही दिसेना, अख्खी संध्याकाळ गेली. म्हणून ‘नोंदवा’ आणि ‘मांडा’ अशी दोन क्रियापदं ठेवतोय.

उत्तर:
‘मांडा’ उत्तम. पाटावर ताट मांडावं तसं, जागा ठरवून. बटणावर माउस नेल्यावर दिसणाऱ्या मजकुरात मात्र व्याकरणातली संज्ञा नको. ‘दऱ्या, सुऱ्या यांतला ऱ्’ एवढंच लिहा.