आयव्हीएफची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली, हे मधले दिवस कसे काढायचे?

गोदाकाठची

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझं वय 34, राहते नाशिकला सिडकोत, लग्नाला सहा वर्षं झाली आणि त्यातली चार चान्स घेण्यात गेली. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. तीन आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भपिशवीत सोडतात ते) झाले, तिन्ही वेळा पाळी आली. एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) 1.4 आलं तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या आता आयव्हीएफच करू, म्हणजे अंडी काढून लॅबमध्ये गर्भ तयार करायचा, वेळ घालवायला नको. त्याला आता आठ महिने झाले.

पहिल्यांदा थायरॉइडचं टीएसएच 6.8 निघालं, म्हणजे जास्त, गोळी चालू केली, सहा आठवड्यांनी परत रक्त तपासलं, ते पटलं मला. दुसऱ्या वेळी सगळं ठरलं, इंजेक्शनं आणून ठेवा म्हणाले म्हणून मेडिकलमधून बर्फाच्या पिशवीत घालून रिक्षाने घेऊन आलो, आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला गेले तर डाव्या बाजूला सिस्ट (अंडाशयात पाण्याची गाठ), म्हणजे या महिन्यात नाही. तिसऱ्या वेळी सिस्ट विरघळली होती पण पाळीच आठ दिवस उशिरा आली आणि तोवर त्यांची बॅच निघून गेली. बॅच असते हेच मला माहीत नव्हतं, एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमध्ये गर्भ तयार करणारे) बाहेरगावाहून ठरलेल्या दिवसांतच येतात म्हणे. पुढची कधी विचारलं तर रिसेप्शनवरून "कळवतो मॅडम", बस.

इंजेक्शनांचा डबा फ्रिजच्या दारात आहे. रोज सकाळी दूध काढायला दार उघडलं की आधी तोच दिसतो. परवा तीन तास लाईट गेली तर मी मोबाईलच्या उजेडात दर थोड्या वेळाने डब्याला हात लावून बघत होते की गार आहे का अजून. सासूबाई वाईट नाहीत पण त्यांचं म्हणणं पितृपक्ष उलटू दे, त्र्यंबकला नारायण नागबळी करून घेऊ, मग बघू. आणि पुढच्या रविवारी धाकट्या जावेचं डोहाळजेवण आहे.

सुया टोचून घ्यायला मी तयार आहे हो, पण ना चालू ना बंद असं हे मधलं सहन होत नाही. तुम्ही कसे दिवस काढलेत? आणि या उशिराने चान्स कमी होतो का, खरं सांगा.

निळी_छत्री

अगं, चारदा वाचलं तुझं लिहिलेलं. माझी वाट टीबीमुळे लांबली होती. खोकला नाही, ताप नाही, दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा गर्भपिशवीचा टीबी निघाला आणि आधी सहा महिने एकेटी (टीबीच्या गोळ्या) पूर्ण करा मगच बाकीचं, असं सांगितलं. मी तेव्हा 36 ची होते. तरी मला ते सहा महिने सोपे गेले असं आता वाटतं, कारण त्याला शेवट होता, कॅलेंडरवर दिवस खोडता येत होते. तुला "कळवतो" वर बसवलंय, त्रास त्याचा आहे. तेव्हा पहिलं काम, तारीख मागून घे. रिसेप्शनला नाही, डॉक्टरांची वेळ घेऊन समोर बसून विचार की पुढची बॅच कोणत्या आठवड्यात, माझी पाळी मागेपुढे झाली तर आधी गोळ्या देऊन ती बॅचला जुळवून घेता येईल का (हे करतात, पण सगळ्यांना आपण होऊन सांगत नाहीत) आणि परत सिस्ट दिसली तर काय करणार. उत्तरं वहीत लिहून घे, त्यांच्यासमोरच.

चान्सचं विचारलंस. एएमएच अंड्यांचा साठा किती आहे त्याचा अंदाज देतं, अंडी कशी आहेत ते नाही सांगत, त्याला वयच बघतात आणि 34 वय हातात आहे अजून. दोन-चार महिन्यांनी फार बिघडत नाही, वर्षं गेली तर बिघडतं, असं मला माझ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून घाबरू नकोस पण ढिलं पण सोडू नकोस, पस्तिशीनंतर तर नुसत्या सहा महिन्यांच्या प्रयत्नानंतर तपासायला या म्हणतात. फाईलची पूर्ण झेरॉक्स स्वतःकडे ठेव आणि दुसरीकडे एकदा दाखव, त्यात कोणाचा अपमान नाही. विचारताना दबकून राहू नकोस, 2021 च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यात क्लिनिकला नोंदणी सक्तीची आहे, जोडप्याला समुपदेशन द्यायचंय आणि तक्रारीसाठी कक्ष पण ठेवायचाय.

इंजेक्शनं दारात नको, दार सारखं उघडतं, मधल्या कप्प्यात मागे ठेव, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. डब्यावरची एक्सपायरी बघ, आणि लाईट गेली होती हे मेडिकलवाल्याला सांगून विचार, बरीचशी थोडा वेळ बाहेर राहिली तरी चालतात पण प्रत्येकाचं वेगळं असतं.

डोहाळजेवणाला जा, ओटी भर, जेवायला थांबू नकोस. कोणी काही म्हणालं तर म्हणू दे.

माझं पुढे काय झालं ते मुद्दाम लिहीत नाही. मला त्या दिवसांत कोणी आपली गुड न्यूज सांगून धीर द्यायला लागलं की उठून जावंसं वाटायचं.

सातपूरचा

ताई, पुरुष असून लिहितोय, चालेल ना. आमच्यात रिपोर्ट माझा खराब होता. डॉक्टर म्हणाले तंबाखू आजपासून बंद आणि तीन महिन्यांनी परत तपासू, कारण शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, आज सोडलं तर उद्या रिपोर्ट बदलत नाही. म्हणजे आमची तारीख माझ्यामुळे पुढे गेली आणि बायकोने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. मी मात्र ती रडली की "होईल गं, टेन्शन नको घेऊ" म्हणून बाहेर निघून जायचो. फार चुकलो तिथे. एकदा ती म्हणाली, तू गप्प बसलास तरी चालेल पण इथेच बस. तेव्हापासून बसतो.

तुमच्या मिस्टरांना एक सांगा, हॉस्पिटलला फोन करायचं काम त्यांनी घ्यावं. आमच्यात दर वेळी तीच फोन करायची, तीच नकार ऐकायची आणि परत मलाही तीच सांगायची. मी ते काम घेतलं, शिफ्टची अदलाबदल करून प्रत्येक सोनोग्राफीला पण जायला लागलो. दुसरं, रविवारी सकाळी आम्ही गाडीवर गंगापूर डॅमला जायचो आणि घरी येईपर्यंत या विषयावर बोलायचं नाही असं ठरवलेलं. पहिल्या दोन रविवारी बोलायला दुसरं काही सुचलंच नाही आम्हाला, इतकं हेच भरून राहिलेलं. नंतर सुचायला लागलं.

मन फारच खाली गेलं, झोप उडाली तर 14416 ला फोन करा, सरकारचं टेली-मानस आहे, पैसे लागत नाहीत. मी रात्री केला होता एकदा, मराठीत बोलले.

दिंडोरीची_बाग

ताई आमचं पैशावर अडलंय. एका सायकलला औषधं धरून दोन लाखाच्या आसपास गेले, ते द्राक्षाच्या पैशातून. एक ट्रान्सफर (तयार गर्भ पिशवीत सोडणं) झालं, नाही राहिलं. तीन गर्भ गोठवून ठेवलेत आणि पुढच्या ट्रान्सफरच्या वेळेला गारपीट झाली, माल हातचा गेला. आता छाटणीचा खर्च समोर आहे, आमची तारीख आता फेब्रुवारी-मार्चला माल निघाल्यावर.

मला आधी वाटायचं ठेवून ठेवून ते खराब होतील. लॅबमधल्या ताईंनी टाकी दाखवली, लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे 196 डिग्रीला असतात, तिथे त्यांचं वय वाढत नाही म्हणाल्या, कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात. दरवर्षी ठेवण्याची फी भरावी लागते फक्त, ती पावती मी पोथीत ठेवलीय. तुम्हाला जमलं तर डॉक्टरांना विचारा, अंडी काढून गर्भ गोठवला तर पुढचं ट्रान्सफर एक-दोन महिने इकडेतिकडे झालं तरी चालतं, गर्भाचं वय तिथे थांबतं.

सासूबाईंचं म्हणाल तर मी नागबळी पण केली आणि इंजेक्शनं पण घेतली. पूजेने त्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण तारीख त्यासाठी सोडू नका.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, मिस्टरांना पण वाचायला दिलं. त्यांनी फोन घेतला हातात आणि दुसऱ्याच दिवशी मॅडमची वेळ मिळाली. पुढची बॅच येत्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, या पाळीपासून गोळ्या देऊन जुळवणार आहेत, गर्भ गोठवायचं पण विचारलं, सोनोग्राफी बघून ठरवू म्हणाल्या. वहीत लिहिताना माझा हात थरथरत होता पण सगळं लिहिलं. गुरुवारी गंगापूर रोडला दुसऱ्या डॉक्टरांना फाईल दाखवायची आहे, झेरॉक्स काढून झाली, 64 पानं झाली. एक्सपायरी अजून सात महिने आहे.

डोहाळजेवणाला गेले. जावेची ओटी भरली, तिने माझा हात धरून ठेवला थोडा वेळ, काही बोलली नाही. जेवायला थांबले नाही. घरी आले तर यांनी डबा मधल्या कप्प्यात मागे सरकवून ठेवला होता, पुढे दुधाचं पातेलं.