निळा, लायलॅक, मर्ल: फ्रेंच बुलडॉगमध्ये रंगासाठी जोड्या लावणं बंद व्हावं का?

ब्रिंडलप्रेमी (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. निळा (खरं तर करडा), लायलॅक (फिकट जांभळट करडा), इसाबेला (फिकट राखाडी-तपकिरी), मर्ल (गडद-पुसट ठिगळांचा) असे रंग काढण्यासाठी फ्रेंच बुलडॉगच्या जोड्या लावणं बंद व्हावं असं माझं मत आहे. रंग दिसायला वाईट म्हणून नव्हे, हिशेबामुळे.

निळा रंग 'डी' या जनुकाच्या अप्रभावी प्रतीमुळे येतो आणि पिल्लाला ती आई-बाप दोघांकडून मिळावी लागते. चॉकलेटी छटा देणाऱ्या 'कोको'चंही तसंच. दोन्हींच्या दोन-दोन प्रती एकाच पिल्लात आल्या की लायलॅक. आता दिसायला साधे ब्रिंडल (गडद पट्ट्यांचे), पण दोन्हींचे वाहक, म्हणजे एकेकच प्रत असलेले नर-मादी घ्या. प्रत्येक पिल्लू लायलॅक असण्याची शक्यता १६ त १. पाच पिल्लांच्या वेतात एक तरी लायलॅक निघण्याची शक्यता साधारण २८ टक्के, म्हणजे चारातली जवळपास तीन वेतं कोरडी. वर ब्लॅक-अँड-टॅन हवा असेल तर 'ए' या जनुकाच्या जागेवर 'एटी'च्या दोन आणि 'के'च्या जागेवर 'केवाय'च्या दोन प्रती लागतात. एवढा धीर कोणाला? मग लायलॅकला लायलॅकच लावतात, की सगळं वेत लायलॅक. असे नर मोजके असतात आणि तेच ते फिरत राहतात, त्यामुळे तीन-चार पिढ्यांत वंशावळीत दोन्ही बाजूंना तीच नावं दिसायला लागतात.

एका वेतातून पुढच्या मेटिंगसाठी एखाद-दुसरंच पिल्लू ठेवलं जातं. ते रंगावर ठेवलं तर नाकपुड्या, टाळू, कणा यांवर निवडायला शिल्लक काय राहिलं? आणि ही ती जात आहे जिच्यात, ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, ८० टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियननं होतात.

करडी_छटा

असहमत. हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्षापर्यंत उडी मारलीत.

एक, निळा रंग हल्ली कोणीतरी बाहेरून घुसडला असं सर्रास बोललं जातं. अमेरिकेतल्या फ्रेंच बुलडॉग क्लबनं १९११ सालीच उंदरी करडा (म्हणजे आजचा निळा), लिव्हर (तपकिरी), काळा आणि ब्लॅक-अँड-टॅन हे रंग प्रदर्शनासाठी बाद ठरवले होते. जे पिल्लू जन्मतच नाही त्याच्यावर बंदी कोण घालतं?

दोन, निळ्याचे केस गळतात म्हणून ती प्रत म्हणजेच रोग, असंही म्हटलं जातं. पण वाइमरानर ही अख्खी जात 'डी'च्या दोन प्रतींवर उभी आहे आणि तिच्यात रंगामुळे केस गळण्याचा त्रास क्वचितच दिसतो. म्हणजे प्रत हाच रोग, हे समीकरण टिकत नाही.

तीन, आखूड तोंड आणि पिळाची शेपटी ही दुखणी रंग बघून येत नाहीत. शेपटीशी निगडित डीव्हीएल२ या जनुकातला बदल या जातीत जवळपास सगळ्यांत आहे. नियमात बसणारा फॉन (फिकट तपकिरी) नर तीन मिनिटं दुडक्या चालीनं पळवल्यावर घोरायला लागला, तर त्याच्या फॉन रंगाची काय पूजा करायची?

सूक्ष्मदर्शी

वाइमरानरचा दाखला खरा आहे, पण अर्धा. डोबरमनमध्ये तीच प्रत आहे आणि तिथे निळ्या कुत्र्यांत केस गळणं नेहमीचं आहे. म्हणजे 'डी'च्या दोन प्रती ही अट आहे, हमी नाही. बाकीचं काम त्या जातीतली इतर जनुकं करतात. फ्रेंच बुलडॉगमध्ये ती इतर जनुकं कोणती हे सांगणारी चाचणी नाही. त्यामुळे 'आमचा निळा नर स्वच्छ आहे' याचा अर्थ 'अजून तरी केस शाबूत आहेत' एवढाच.

आणि हे 'अजून' महत्त्वाचं आहे. केस सहसा सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत कधीही विरळ व्हायला लागतात, आधी पाठीवर, आणि फक्त निळ्या भागात. पांढरे पट्टे आणि टॅन ठिपके भरगच्च राहतात. ओळखण्याची पहिली खूण हीच. पाठीवरचे थोडे केस मुळासकट उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर केसाच्या दांड्यात रंगद्रव्याचे मोठे गोळे दिसतात आणि गोळ्याच्या जागी दांडा फुगून मोडलेला असतो. मात्र निळ्या कुत्र्यांत गोळे केस न गळताही सापडतात, म्हणून गोळे दिसले की निदान झालं असं नव्हे. आधी त्वचा खरवडून डेमोडेक्स किडे बघा, बुरशी बघा, ॲलर्जी तपासा. या जातीत ॲलर्जी इतकी आहे की निम्मी भांडणं तिथेच मिटतील. निदान पक्कं झालं तर बरं करणारं औषध नाही. सौम्य शॅम्पू, मॉइश्चरायझर आणि जंतुसंसर्ग झाला तर त्याचे उपचार, इतकंच.

दीड वर्षाचा निळा नर मेटिंगला उभा करणाऱ्यानं हे वेळापत्रक समोर ठेवावं. तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत त्याच्या कातडीबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही.

करडी_छटा

तीन वर्षांची अट मला मान्य. पण मग ती अट घाला, रंगावर बंदी कशाला?

ब्रिंडलप्रेमी

कारण अट पाळून निळे काढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बरं, मर्लचं काय? तिथेही अटच घालायची का?

करडी_छटा

नाही. मर्लला माझा पूर्ण विरोध. ही प्रत या जातीत नव्हतीच, दुसऱ्या जातीशी संकर करून आणलेली आहे. शिवाय ती प्रभावी आहे, म्हणजे एक प्रत असली तरी काम करते. दोन मर्ल एकत्र लावले तर दर चारातल्या एका पिल्लाला दोन प्रती मिळण्याची शक्यता. त्यातून बहिरी पिल्लं, खुज्या डोळ्यांची पिल्लं, कधी दोन्ही. एका जागी तरी रेघ मारावी लागते, ती इथे.

नवशिका_०७

एक शंका. क्रीम मादीला मर्ल नर चालतो असं एक ब्रीडर सांगतात, कारण क्रीम म्हणजे मर्ल नाही. बरोबर का?

सूक्ष्मदर्शी

साफ चूक, आणि धोकादायक. मर्ल फक्त काळ्या-तपकिरी रंगद्रव्यावर दिसतो. क्रीम मादीत 'ई' जागेवर दोन अप्रभावी प्रती असल्यानं तिच्या केसांत काळं रंगद्रव्य बनतच नाही. मग मर्ल उमटणार कशावर? ती मर्ल असूनही शुद्ध क्रीम दिसू शकते. हलक्या फॉनमध्येही ठिपके जन्मतः पुसट असतात आणि पुढे नाहीसे होतात. पांढऱ्या भागाचंही तसंच. वंशावळीत कुठेही मर्ल असेल तर 'एम' (मर्लच्या जनुकाची) चाचणी झाल्याशिवाय जोडी लावू नका.

चाचणीचा अहवालही नीट मागा. नुसतं 'आहे-नाही' पुरत नाही, मर्लच्या जनुकात घुसलेल्या जास्तीच्या डीएनए तुकड्याची लांबी बेस पेअरमध्ये (डीएनए मोजण्याचं एकक) हवी. नेहमीचा मर्ल साधारण २६५ ते २६८ च्या घरात येतो. २३० च्या खालच्या लांबीला क्रिप्टिक म्हणतात, ती सहसा अंगावर दिसत नाही. एकाच कुत्र्यात दोनपेक्षा जास्त लांब्याही सापडतात. गालातल्या पेशींत एक आणि वीर्यात दुसरी असू शकते. त्यामुळे क्रिप्टिक आला म्हणून निर्धास्त होऊन मर्ल जोडीदार शोधू नये.

नमुना घेताना होणारी चूकही सांगून टाकतो. पिल्लू नुकतंच दूध प्यायलेलं असेल तर स्वॅबवर आईच्या पेशी येऊ शकतात आणि अहवाल चुकू शकतो. तास-दोन तास वेगळं ठेवा, गालाच्या आतून अर्धा मिनिट घासा, स्वॅब हवेत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घाला. ओला स्वॅब प्लास्टिकमध्ये बंद केला की बुरशी धरतो.

ब्रिंडलप्रेमी

कोकोबद्दल कोणीच बोलत नाही. ते जनुक एचपीएस३ आहे. माणसात त्याच जनुकातल्या बिघाडानं हर्मान्स्की-पुडलाक आजाराचा एक प्रकार होतो. त्यात प्लेटलेटचं (रक्त गोठवणाऱ्या पेशींचं) काम बिघडून रक्त उशिरा थांबतं.

करडी_छटा

कोको कुत्र्यांत उघड रक्तस्रावाचा त्रास आढळलेला नाही. माणसातला आजार कुत्र्यावर जसाच्या तसा चिकटवू नका.

सूक्ष्मदर्शी

आढळलेला नाही, हे खरं. पण दोष असलाच तर तो प्लेटलेटच्या कामात असेल, संख्येत नाही. साध्या रक्ततपासणीत आकडा नॉर्मल येईल आणि सगळे खूश. सिझेरियन ठरलेली कोको किंवा लायलॅक मादी असेल तर आधी वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला बारीक छेद देऊन रक्त थांबायला लागणारा वेळ मोजून घ्यावा. चार-पाच मिनिटांच्या पुढे गेला तर सर्जनला आधी कळवायचं. काही मिनिटांचं काम आहे, वाद घालण्यापेक्षा कमी वेळात होतं.

ब्रिंडलप्रेमी

ठीक. मग माझी मागणी बदलून मांडतो. आधी श्वसनाची श्रेणी, ० (मोकळा श्वास) ते ३ (सर्वांत जास्त त्रास). श्रेणी ३ ला मेटिंग नाही, श्रेणी २ ला जोडीदार ० चाच. मग कण्याचा एक्स-रे. यात पास झालेल्यांचेच रंगाचे अहवाल उघडायचे, तेही मर्ल आणि 'डी' टाळण्यासाठी. 'डी'चा वाहकही बाद.

करडी_छटा

क्रम मान्य, शेवटचं वाक्य अमान्य. वाहकाचे केस गळत नाहीत. श्रेणी ० चा, मोकळ्या नाकपुड्यांचा ब्रिंडल नर केवळ एक 'डी' प्रत आहे म्हणून बाद केलात, तर आधीच तोटा असलेलं चांगलं रक्त तुम्हीच फेकताय. त्याला 'डी' नसलेली मादी लावा: एकही पिल्लू निळं होणार नाही, सरासरी निम्मी वाहक निघतील, आणि पुढच्या पिढीत वाहक नसलेल्यांतून निवडता येईल. तुम्हीच म्हणालात ना, निवड रंगावर करू नका? वाहकाला हाकलणं ही रंगावरचीच निवड झाली.

ब्रिंडलप्रेमी

हा मुद्दा पटला. पण वाहक ठेवायचा तर 'डी'चा अहवाल पिल्लाच्या कागदांसोबत लेखी द्यायचा आणि समोरच्या मादीचाही मागायचा. ते करणार असाल तर वाहक चालेल. निळ्याला निळा लावायला माझा विरोध कायम.