‘लाकडी’, ‘काष्ठगंधी’ की ‘चंदनी’?

घरच्या कार्यात पाहुण्यांना लावण्यासाठी कनौजहून अत्तराचे दोन नमुने मागवले आहेत, एक मोगऱ्याचे आणि एक चमेलीचे. पण दोन्ही कुप्यांवर ‘वुडी व्हाइट फ्लोरल’ हेच वर्णन छापलेले आहे. आईला ‘लाकडी वासाचे, पांढऱ्या फुलांचे’ असे सांगितले, तेव्हा तिने ‘लाकडी म्हणजे घाण्यावरचे का रे?’ असे विचारले. ‘वुडी’ला मराठीत नेमके काय म्हणावे, आणि दोहोंपैकी कोणते घ्यावे?

— ‘काष्ठगंधी’ म्हणावे. ‘काष्ठौषधी’ आपल्याला चालते, मग हा शब्द का चालू नये?

— काष्ठौषधी वैद्यांकडे शोभते. मनगटाला अत्तर लावताना ‘काष्ठ’ ऐकले की मला सरणच आठवते. आजी सहाणेवर खोड उगाळू लागली की देवघरातून ओटीपर्यंत येणाऱ्या वासाला आमच्याकडे ‘चंदनी’ म्हणत, आणि तेवढ्यावर सर्वांचे भागत असे.

— ‘चंदनी’त देवदार बसत नाही, हे ध्यानात घ्यावे. परिभाषा आजीच्या सहाणेवर ठरत नसते.

— येथे देवदाराचा संबंधच नाही. जुन्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी तापवून निघालेली वाफ ज्या भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते, त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते व तेच फुलांचा वास धरून ठेवते. तेव्हा ‘चंदनावरचा मोगरा’ म्हणावे. चंदन महागल्यापासून पुष्कळ जण त्याऐवजी पॅराफिन वापरतात, म्हणून घेण्यापूर्वी तेवढे विचारावे.

— ‘पांढऱ्या फुलांचे’ याविषयी कोणीच बोलत नाही. मोगरा, जाई, निशिगंध यांच्या वासात इंडोल नावाचे रसायन असते आणि त्या नावाचे मूळ ‘इंडिगो’त, म्हणजे चक्क निळीत आहे! ‘पांढरे’ ही येथे वासाची जात समजावी.

— त्याआधी ‘चमेली’ काढून टाकावी. तिचे शास्त्रीय नाव जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम, म्हणजे आपली जाई. मराठी नाव असताना हिंदी कशाला?

— आमच्या परसातल्या वेलाला, ज्याच्या कळीवर बाहेरून गुलाबी झाक असे, आई जाई म्हणे आणि शेजारच्या काकू चमेली म्हणत. मात्र केसांना लावायच्या चमेलीच्या तेलाला ‘जाईचे तेल’ म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही.

— जात्यादी तेल आपण ऐकले असेलच. त्यातली ‘जाती’ म्हणजे जाईच.

— त्यात जाईचा पाला घालतात, फूल नव्हे. आणि ते जखमेला लावतात, पाहुण्यांना नव्हे.