मदत हवी आहे: टरफलांची पावडर स्वतःच पाण्यात रंग सोडतेय

पाण्यातला मेथिलिन ब्लू (निळा डाय, म्हणजे रंग) काढायला शेंगदाण्याच्या टरफलांची पावडर वापरतोय, 50 मिग्रॅ प्रति लिटर डायचं 100 मिली पाणी, पावडर 0.2 ग्रॅम, पीएच 7. निळा रंग छान उतरतो पण पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होतं (टरफलांतलं टॅनिन, म्हणजे चहात असतं तसं तुरट द्रव्य, असणार), त्यामुळे 664 नॅनोमीटरच्या रीडिंगवर (त्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्यावरून उरलेला डाय मोजतात) विश्वासच बसत नाही. तीनदा उकळत्या पाण्याने धुतली, 105 डिग्रीला वाळवली, तरी तेच. सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवल्यावर तांबूसपणा गेला, पण कितीही धुवा पीएच 9 च्या खाली येईना. फर्नेस नाही म्हणून कोळसा करता येत नाही, आणि टरफलांचा रंग पावडरीतच बांधून ठेवायला वापरतात ते फॉर्माल्डिहाइड विषारी, ते नकोच. मग शेवटी पातळ ॲसिडने न्यूट्रल केलं तर डाय धरायची ताकद कमी होईल का, की डायशिवाय नुसत्या पावडरच्या पाण्याचं रीडिंग (ब्लँक) वजा करून भागेल?