पहाटे तीनला जाग, डोक्यात पगाराची तारीख: धंदा सांभाळताना मन कसं सांभाळायचं?

व्हीएमसी भोसरी (प्रश्न):
भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक लेथ, नऊ कामगार. माल वेळेवर जातो, पेमेंट ८०-९० दिवसांनी येतं. सात तारखेला पगार, दहाला मशीनचा हप्ता, वीसला जीएसटी. दोन महिने झाले, पहाटे तीनला जाग येते आणि आकडे फिरत राहतात. दिवसा पोरांवर उगाच आवाज चढतो. 'सुट्टी घ्या, ध्यान करा' ऐकून झालंय, मशीन बंद ठेवून परवडत नाही. रोजच्या रोज नेमकं काय करता येईल? आणि हा नुसता ताण आहे की डॉक्टरकडे जायला हवं, हे कशावरून ओळखायचं?

ताळेबंद:
दादा, आकडे डोक्यात फिरतात कारण ते दुसरीकडे कुठे लिहिलेले नसतात. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नफा दिसतो, पण येत्या चौथ्या आठवड्यात बँकेत किती उरतील ते त्या नफ्यावरून कळत नाही. एक आडवा कागद घ्या आणि १३ आठवड्यांचे १३ रकाने पाडा. वर बँकेतली शिल्लक, कॅश क्रेडिटची (बँकेकडून लागेल तसं उचलायच्या कर्जाची) न वापरलेली मर्यादा वेगळ्या ओळीत. ती आपली शिल्लक नव्हे.

खाली येणं. यात फक्त ज्याचं जीआरएन (माल मिळाल्याची ग्राहकाकडची नोंद) झालंय तेच बिल, आणि तारीख पार्टी सांगते ती नाही, मागची तीन पेमेंट खरोखर किती दिवसांनी आली ती. ६० म्हणून ८५ ला देत असेल तर ८५ लिहा. तोंडी कबूल झालेली ऑर्डर इथे घालायची नाही. बहुतेकांचा कागद याच एका चुकीने खोटा ठरतो, आणि मग त्यावरचा विश्वासच जातो. त्याखाली देणं: पगार, हप्ता, ७ ला टीडीएस, १५ ला पीएफ-ईएसआयसी, २० ला ३बी (जीएसटीचं कर भरण्याचं विवरणपत्र), वीजबिल, टूल्स-इन्सर्ट.

जीएसटीची ओळ नीट बघा. बिल १ लाखाचं, दर १८ टक्के, तर इनपुट (खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी) वजा जाता उरलेला कर पुढच्या महिन्याच्या २० ला भरायचा. पैसे मात्र तुम्हाला ८५ व्या दिवशी. पूर्ण कर भरल्याशिवाय ३बी दाखल होत नाही, उशिराला वर्षाला १८ टक्के व्याज आणि वर रोजची लेट फी. ११ तारखेचा जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) तर कधीच चुकवू नका. तो चुकला की पार्टीच्या २बी मध्ये (त्यांच्या खरेदी बिलांच्या जीएसटी यादीत) तुमचं बिल दिसत नाही, त्यांचं इनपुट क्रेडिट अडतं आणि ते तुमचं पेमेंट अडवतात.

कागद आठवड्यातून एकदाच भरा. भोसरीत गुरुवारी मशीन बंद असतात, त्याच दिवशी, ४० मिनिटं. रोज उघडू नका. रोज बघणं म्हणजे पुन्हा तीच काळजी. ज्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते, त्याच्या तीन आठवडे आधी मटेरियलवाल्याला फोन करा: 'निम्मे १२ ला, निम्मे २६ ला.' आधी सांगितलेला उशीर बहुतेक पुरवठादार समजून घेतात. माणूस फोन उचलेनासा झाला की मात्र भरवसा उडतो.

उद्यम मदत:
वरच्याला जोड. वसुलीचे फोन मालकाने स्वतः करू नयेत. आठवड्यात दहा वेळा 'बघतो' ऐकून माणूस पार पिचतो, आणि नंतर त्याच माणसाशी रेटची बोलणी करायची असतात. अकाउंट्सच्या मुलाला किंवा अर्धवेळ ताईंना मंगळवारी ११ ते १ हेच काम द्या. बिल नंबर, जीआरएन तारीख, रक्कम समोर ठेवून. मालकाचा फोन तिसऱ्या आठवणीनंतर.

बिलावर उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक छापा. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. थकलेल्या पेमेंटची सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते, पण ते शेवटचं हत्यार. ऑर्डर जाण्याची तयारी ठेवूनच काढायचं. ग्राहक मोठी कंपनी असेल तर ती ट्रेड्सवर (बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) आहे का ते आधी विचारा. तिथे मंजूर झालेल्या बिलाचे पैसे थोडा डिस्काउंट कापून काही दिवसांत मिळतात, आणि कंपनीने पुढे थकवलं तरी ते तुमच्याकडून मागत नाहीत.

हप्ता चुकणार असेल तर बँकेला आधीच लेखी द्या. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं एनपीए (बुडीत कर्जाच्या यादीत) होतं, तोवर पुनर्रचनेचं बोलणं बरंच सोपं असतं. आणि वसुली एजंटना सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. असे फोन आले तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा.

मनोमिती:
आता झोप. शटर ओढण्याआधी २० मिनिटं, ऑफिसच्याच टेबलावर, वहीत दोन रकाने: डावीकडे काळजी, उजवीकडे उद्याचं पहिलं पाऊल. 'पेमेंट' असं लिहू नका. 'उद्या ११ ला स्टोअर्सला फोन, चलन ४१२ चं जीआरएन विचारणे' असं लिहा. वही तिथेच ड्रॉवरमध्ये ठेवायची, घरी न्यायची नाही.

जाग आली की घड्याळ बघू नका. साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, झोप आली की परत या. फोन हातात नको. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. पहिला आठवडा जड जातो, दिवसा डोळे मिटतात आणि लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. तीन-चार आठवडे द्या. (दिवसा फार पेंग येत असेल तर त्या दिवशी मशीनवर उभे राहू नका, गाडी चालवू नका.) शेवटचा चहा दुपारी दोनला. झोपेसाठी म्हणून घेतलेली दारू पहिले काही तास झोपवते आणि बरोबर तीनला उठवते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाच्या वेळेबाहेरचा आपोआप जाणारा निरोप लावा, आणि रात्रपाळीच्या एकाच माणसाला वेगळी रिंगटोन. मग बाकीची रिंग वाजली तरी जेवण सोडावं लागत नाही.

डॉक्टरकडे कधी? मन उदास किंवा कशातच रस नाही, असं दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असेल तर. सोबत भूक, झोप, एकाग्रता बिघडलेली असते. साधी बिलं तपासायला दुप्पट वेळ लागणं ही खूण धंद्यात लवकर दिसते. तुमचे दोन महिने झालेत, म्हणून थांबू नका. फॅमिली डॉक्टरकडून थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन, साखर, बीपी बघून घ्या. छातीत धडधड होत असेल तर ईसीजीही. मग एमडी मानसोपचारतज्ज्ञ. ससूनमध्ये आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

'आपण नसलेलंच बरं' असा विचार एकदाही आला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. घरच्या एकाला तेव्हाच सांगा, १४४१६ ला फोन करा. टेलिमानस आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. बेत डोक्यात घोळत असेल तर थेट इमर्जन्सी, आणि एकट्याने जायचं नाही.

व्हीएमसी भोसरी:
आभार. दोन शंका. डॉक्टरची चिठ्ठी झाली की विमा आणि बँकेला कळतं का? आणि घरी किती सांगायचं? बायकोची झोप उडवायची नाहीये.

मनोमिती:
डॉक्टर परस्पर बँकेला काही कळवत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच आरोग्य विमा द्यावा असंही आहे. नवीन पॉलिसी घेताना मात्र विचारलं तर लपवू नका, लपवलेल्यावरच क्लेम अडतो.

वहिनींना तुमच्या आवाजावरून काहीतरी बिघडलंय हे कळलेलंच असणार. कारण माहीत नसलं की माणूस त्याहून वाईट कल्पना करतो. गुरुवारी तो १३ रकान्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवा. कोणता आठवडा अडचणीचा आहे आणि कुणाला फोन केलाय, एवढं दाखवा. घरखर्चाची ठरलेली रक्कम दर महिन्याला एकाच तारखेला त्यांच्या खात्यात टाका, थोडी कमी का असेना. आणि डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना त्यांना सोबत न्या. झोप, चिडचिड, भूक याबद्दल त्या जे सांगतील ते तुमच्या ध्यानातही आलेलं नसेल.